आमटीतलं शिसं: जुन्या नाशकातलं एक प्रकरण

सतरा महिन्यांची मुलगी. वजन ९.२ किलो, हिमोग्लोबिन ८.९. तीन महिने लोहाचं औषध पोटात जात होतं, तरी आकडा जेमतेम ०.३ ने वर सरकलेला. शौचाला खडा, दुपारची झोप मोडलेली, जेवताना किरकिर, एवढीच तक्रार. अशी पोरं प्रत्येक बालरोगतज्ज्ञाकडे येतात आणि त्यातल्या बहुतेकांचा शिशाशी काही संबंध नसतो. इथे शिशाची तपासणी लिहून दिली गेली ती वडिलांच्या कामामुळे. ते अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विजेची पॅनेल जोडतात आणि दिवसभर हातात सोल्डरिंगची बंदूक असते, आणि सोल्डरच्या डागात शिसं असू शकतं. आजीचं म्हणणं वेगळं होतं: "अहो डॉक्टर, बाहेरचं काही म्हणजे काही देत नाही तिला. बिस्कीटसुद्धा नाही. सगळं घरचं."

आजी खरं बोलत होत्या, आणि गोम नेमकी त्यातच होती.

(हे कुटुंब आणि त्याचे आकडे अभ्यासासाठी रचलेले आहेत. मर्यादा, धातूंचे गुण आणि गणिताची रीत मात्र खरी आहे. असं प्रकरण हातात आलं तर याच क्रमाने जाता येतं.)

पहिला आकडा चुकीचा होता

बोटाला टोचून काढलेल्या रक्तात शिसं आलं २७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. घरात रडारड झाली. आठ दिवसांनी शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा १९.२. प्रयोगशाळा चुकली नव्हती. बोटावरची धूळ पहिल्या थेंबात मिसळली की आकडा फुगतो, आणि रांगणाऱ्या पोराच्या बोटावर धूळ असणारच. म्हणून बोटाची तपासणी चाळणीपुरती वापरावी. ती करताना हात साबणाने धुऊन हवेत वाळवायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा. वाढलेला आकडा आला की शिरेतल्या रक्ताने खात्री करायची, तीही सूक्ष्म धातूंसाठीच्या गडद निळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही धातू उतरू शकतात.

१९.२ म्हणजे किती? अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ पासून मुलांसाठी संदर्भपातळी ३.५ ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. शरीरातून शिसं बाहेर काढणारी कीलेशनची औषधं सर्वसाधारणपणे ४५ च्या पुढे दिली जातात. १९ वर ती देण्यात फायदा नाही, उलट सोबत जस्त-लोहासारखे गरजेचे धातूही निघून जातात. त्यामुळे या मुलीसाठी औषधाच्या दुकानात काही नव्हतं. उपचार एकच, शिशाचा रस्ता शोधून बंद करणं.

लोहाची गोष्ट इथेच सांगून टाकू, कारण तिच्यात नेहमी घोळ होतो. १९ च्या पातळीला शिशामुळे हिमोग्लोबिन ८.९ पर्यंत खाली येत नाही. हा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच होता. आतड्यात लोह आणि शिसं काही अंशी एकाच वाटेने आत शिरतात. लोह कमी असलं की शरीर ती वाट सताड उघडी ठेवते, आणि शिशाचं फावतं. लहान मूल अन्नातल्या शिशापैकी ४० ते ५० टक्के शोषून घेतं, मोठा माणूस दहा टक्क्यांच्या आसपास. औषध लागू पडत नव्हतं याचं कारण साधं होतं. आई ते दुधात कालवून देत होती. दुधातल्या कॅल्शियममुळे लोहाचं शोषण घटतं. तेच औषध दोन जेवणांच्या मध्ये, लिंबाच्या पाण्यासोबत सुरू केल्यावर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन ९.९ वर आलं.

घरातल्यांचं रक्त काय सांगतं

पुढची पायरी स्वस्त असूनही बहुतेक ठिकाणी गाळली जाते. घरातल्या सगळ्यांचं रक्त एकाच दिवशी तपासायचं. इथे आले ते आकडे: आजी १०.४, आई ९.१, वडील ४.८.

वडील कामावरून कपड्यांवर, बुटांवर शिसं घरी आणत असते तर घरात सर्वांत वरचा आकडा त्यांचा असता. तो सर्वांत खालचा निघाला. सकाळचं जेवण ते कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये घेतात, रात्री मुख्यतः भाकरी-भाजी. आई आणि आजी दोन्ही वेळ घरी जेवतात. म्हणजे शिसं घरातच होतं, आणि जो घरात जास्त जेवतो त्याच्या रक्तात जास्त होतं. आजीचा आकडा थोडा वर, कारण उतारवयात हाडं झिजतात तशी त्यांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसं रक्तात उतरतं. पेट्रोलमधून शिसं गेलं ते २००० साली. त्याआधीचं आयुष्य त्यांच्या हाडांत आहे.

एवढं कळूनसुद्धा पुढचे तीन आठवडे वाया गेले.

संशयितांची रांग

खिडकीच्या जुन्या तैलरंगावर हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) लावलं. आकडा ६,२०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ६,२०० भाग. आजच्या घरगुती रंगांना २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. म्हटलं, चोर सापडला. पण ती खिडकी माडीवर, मुलगी वावरते खाली ओसरीवर. ओसरीच्या फरशीवरची धूळ ओल्या पुसणीने गोळा करून तपासली, तर शिसं नगण्य. रंग पोटात गेला तरच विष, एरवी तो भिंतीवरचा रंग. तरीही ती चौकट ओली करून, पापुद्रे काढून, वर नवा थर दिला. कोरडं खरवडलं असतं तर त्याच दिवशी घरभर शिशाची धूळ झाली असती.

मग हळद. अलीकडे हळदीवर पहिला संशय जातो, आणि तो बिनबुडाचा नाही. हळकुंडाला पिवळाधमक तजेला यावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळण्याचे प्रकार झालेले आहेत. बांगलादेशात २०१९ नंतर धाडी घालून, बाजारात जागृती करून हे थांबवलं. तिथे शिसं सापडणाऱ्या हळदीच्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातल्या २३ शहरांच्या पाहणीत पाटणा, कराची आणि पेशावरच्या काही नमुन्यांत १,००० पीपीएमच्या वर शिसं निघालं. आपल्याकडे हळदीतल्या शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे. या घरची हळद भद्रकाली बाजारातल्या सुट्या हळकुंडांची, घरीच दळलेली. तिच्यात आलं १.४ पीपीएम. मुलीच्या पोटात दिवसाला सुमारे ०.३ ग्रॅम हळद जाते, म्हणजे ०.४ मायक्रोग्रॅम शिसं. हळद सुटली.

हळद तपासायला देताना शिशासोबत क्रोमियमही मागावं. लेड क्रोमेट असेल तर शिसं आणि क्रोमियम वजनाने साधारण चारास एक या प्रमाणात येतात आणि भेसळ आपोआप उघडी पडते. घरी हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून गुलाबी रंग पाहायची जी चाचणी सगळीकडे फिरते, ती मेटानिल यलो नावाच्या रंगासाठी आहे. शिशाबद्दल ती काहीच सांगत नाही.

नाचणीचं सत्त्व. अहवाल आला, "शिसं आढळलं नाही". घरचे निर्धास्त. पण अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात मोजमापाची खालची हद्द होती, ०.१ मिलिग्रॅम प्रतिकिलो. मुलगी दिवसाला ३० ग्रॅम सत्त्व खाते. हद्दीच्या जरा खाली शिसं असलं तरी ३ मायक्रोग्रॅमच्या आसपास पोटात जातं. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध संस्थेने मुलांसाठी अन्नातल्या शिशाची जी अंतरिम संदर्भमात्रा ठरवली आहे, ती दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम. "आढळलं नाही" या दोन शब्दांत अख्खी मात्रा लपू शकते, हा बाळ-आहाराच्या तपासणीतला सर्वांत सामान्य खड्डा. नमुना पुन्हा आयसीपी-एमएस (धातूंचा अगदी सूक्ष्म अंश मोजणारं यंत्र) असलेल्या, एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत गेला, हद्द ०.०१. आलं ०.०२, म्हणजे दिवसाला ०.६ मायक्रोग्रॅम. नाचणीही सुटली.

पाण्याचा सकाळचा पहिला घोट, रात्रभर नळात बसलेला, ४ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा १०. काजळ घरचं, तुपाच्या दिव्याचं. विकतचा सुरमा असता तर तपासावाच लागला असता, कारण काही सुरमे म्हणजे शिशाचं खनिजच असतं. गुटीतली वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड आणि सहाण, काहीच नाही.

जिन्नस सगळे साफ, मुलीचं रक्त मात्र १९.

वहीतला चौथा रकाना

तीन दिवसांची जेवणाची वही लिहायला सांगितली होती. वेळ, पदार्थ, ग्रॅममधलं वजन. कोणीतरी चौथा रकाना वाढवायला सुचवलं, "भांडं". वहीचं पान समोर आलं तेव्हा तो रकाना एक पदार्थ सोडून साधाच निघाला. नाचणी, स्टील. दूध, स्टील. भात, कुकर. आणि दोन्ही वेळच्या आमटीपुढे: "पितळी पातेलं, कल्हईचं."

चिंच-गुळाची आमटी, गोडा मसाला घातलेली. सकाळी दहाला होते, तिथेच झाकून राहते, संध्याकाळी सातला पुन्हा उकळी. मुलीला मऊ भातावर तिचं वरचं निवळ पाणी, सकाळी ६० ग्रॅम, संध्याकाळी ६०. पातेलं आजीच्या माहेरचं, दोन लिटरचं. दिवाळीआधी गल्लीत आलेल्या फिरत्या कल्हईवाल्याकडून कल्हई करून घेतलेलं. आता फेब्रुवारी चालला होता.

पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणूनच कल्हई. नाशकात तांब्या-पितळेच्या भांड्यांची परंपरा मोठी, भांडी बाजार आणि तांबट गल्लीची ओळखच ती. कल्हई नीट असेल तर पितळेत स्वयंपाक करायला हरकत नाही, हे तिथलं लहान पोरही सांगेल. प्रश्न एवढाच, की कल्हई कशाची?

खात्रीसाठी केलेला प्रयोग इतका साधा आहे, की जमेल त्याने असाच करावा. एकाच तुरीची डाळ, एकच चिंचेचा कोळ, एकच हळद, मीठ, गूळ आणि एकाच नळाचं पाणी. सगळं एकत्र कालवून दोन सारखे भाग केले. एक भाग पितळी पातेल्यात, दुसरा स्टीलच्या. दोन्ही शेजारच्या शेगड्यांवर, मंद आचेवर ४० मिनिटं, पळी दोन्हीकडे स्टीलचीच. उतरवल्यावर लगेच प्रत्येकातून ५० मिलिलिटर, आणि झाकून ठेवून नऊ तासांनी उकळी दिल्यावर पुन्हा ५०. नमुने नव्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांत भरून, नावं-वेळा लिहून फ्रीजरमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत. पाचवी नळी नुसत्या पाण्याची.

स्टीलची आमटी दोन्ही वेळी ०.०२ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या खाली. पितळी पातेल्यातली ताजी ०.४५. नऊ तासांनंतरची १.१५.

तुलनेपुरतं सांगायचं तर एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये डबाबंद बाळ-आहारासाठी कारवाईची पातळी जाहीर केली. बहुतेक मिश्र पदार्थांना १० पीपीबी (अब्जात दहा भाग), कोरड्या धान्य-आहाराला २० पीपीबी. संध्याकाळची आमटी १,१५० पीपीबी होती. घरच्या आमटीला ती पातळी लागू नाही, पण मुलीच्या आतड्याला डबाबंद आणि घरचं यांतला फरक कळत नाही.

शिजताना निम्म्याहून कमी आणि नुसतं ठेवल्यावर बाकीचं, असं का? शिसं विरघळायला आम्लासोबत हवेतला प्राणवायूही लागतो. उकळत्या आमटीत तो टिकत नाही. झाकून निवत असलेल्या आमटीत, विशेषतः काठाशी जिथे आमटी, हवा आणि भांडं एकत्र भेटतात, तिथे धातू तासन्‌तास सुटत राहतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल सुटलेल्या शिशाला धरून ठेवतं, त्यामुळे आणखी सुटायला जागा होते. पातेल्याच्या आत नेमकी आमटीच्या पातळीला एक करडी रेघ उमटलेली होती. बोट फिरवलं तर तिथला पृष्ठभाग बाकीच्यापेक्षा खरखरीत लागायचा.

कांडी

शुद्ध कल्हईची रीत अशी. भांडं घासून, गरज पडल्यास तेजाबाने साफ करून भट्टीवर तापवायचं. नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघतो आणि धातूवरचा ऑक्साइडचा थर जातो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं. कापसाच्या बोळ्याने ते झरझर सगळीकडे फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. हात बसलेला कारागीर दोन लिटरचं पातेलं काही मिनिटांत आरशासारखं करतो.

कथील शिशापेक्षा दहापटींहून महाग आहे. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं यांची कांडी बाजारात सोल्डर म्हणून कुठेही मिळते. ती १८३ अंशांपासूनच वितळू लागते, कमी कोळशात जास्त पसरते आणि नवी असताना दिसायला कथलाइतकीच चकचकीत. कारागिराला कांडी "कल्हईचं कथील" म्हणूनच विकलेली असू शकते. दोष त्याच्या माथी मारण्याआधी हे लक्षात घ्यावं, की तो भट्टीशेजारी बसून दिवसभर तोच धूर नाकात घेतो. शिसं घरात सर्वांत आधी त्याच्याच जातं.

पातेल्यातली थोडी खरवड चिकटपट्टीवर घेऊन सराफ बाजारात सोन्याचा टंच काढायच्या एक्सआरएफ यंत्रात ठेवली. हा मार्ग नाशकात कोणालाही मोकळा आहे, पण त्याचे आकडे टक्क्यांत वाचायचे नाहीत. यंत्र सोन्यासाठी लावलेलं असतं, आणि पातळ थरातून किरण आरपार जाऊन खालचं तांबं-जस्तही मोजतात. यंत्राच्या आलेखात फक्त शिशाची रेषा (त्याच्या क्ष-किरणांची खूण) आहे का, एवढं पाहायचं. तेही जपून, कारण १०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास शिशाची आणि आर्सेनिकची रेषा एकावर एक पडते. शिशाची दुसरी रेषा १२.६ ला असते. ती दिसली तरच शिसं म्हणायचं. इथे दोन्ही ठळक दिसल्या. प्रयोगशाळेने खरवड आम्लात विरघळवून मोजली, शिसं ३६ टक्के.

पंधरा दिवसांनी तोच कारागीर गल्लीत आला तेव्हा वडिलांनी त्याच्याकडून उरलेल्या कांडीचा बोटभर तुकडा मागून घेतला. दिवसभर हातात सोल्डर असणाऱ्या माणसाला वाकवताच कळलं. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की आतून बारीक करकर ऐकू येते, आतल्या स्फटिकांची रचना झटक्यात बदलल्याची. हा तुकडा मेणासारखा मुकाट वाकला.

आवाजावर विश्वास नसेल तर वजनकाटा आणि मोजपात्र घ्यावं. १०० ग्रॅम शुद्ध कथील पाण्यात बुडवलं की १३.७ मिलिलिटर पाणी वर येतं. ६०-४० ची कांडी जड असल्याने तेवढ्याच वजनाला ११.८ मिलिलिटर. पाव किलोची कांडी घेतली तर ३४ आणि २९, हा फरक साध्या मोजपात्रातही दिसतो. कल्हई करून घेण्याआधी कारागिराच्या कांडीवर ही चाचणी दोन मिनिटांत होते, आणि त्याला अपमान वाटू नये म्हणून आपण स्वतः ९९.९ टक्क्यांचं कथील आणून देणं हा त्याहून बरा मार्ग.

कांडी हाताशी नसेल, कल्हई आधीच झालेली असेल, तर व्हिनेगर. ४ टक्के ॲसेटिक आम्ल भांड्यात काठापर्यंत भरून, झाकून, २४ तास घरातल्या तापमानाला ठेवायचं. त्याच बाटलीतलं आम्ल काचेच्या भांड्यात शेजारी तेवढाच वेळ. दोन्ही नमुने प्रयोगशाळेत. दुसरा नमुना नसेल तर पहिल्याला अर्थ नाही, कारण शिसं बाटलीतूनच आलं असं कोणीही म्हणू शकतं. या पातेल्याने दिलं १४ मिलिग्रॅम प्रतिलिटर. चिनी मातीच्या मोठ्या खोलगट भांड्यांना याच प्रकारच्या चाचणीत अमेरिकेत १ ची मर्यादा आहे.

आकडे जुळतात का

स्रोत सापडला असं वाटणं वेगळं आणि तो रक्तातल्या आकड्याला पुरा पडणं वेगळं. मुलीच्या पोटात सकाळी ६० ग्रॅम गुणिले ०.४५, म्हणजे २७ मायक्रोग्रॅम. संध्याकाळी ६० गुणिले १.१५, म्हणजे ६९. दिवसाला ९६. लहान मुलांत रोजच्या १ मायक्रोग्रॅमला रक्तात सुमारे ०.१६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर वाढ धरतात. एफडीएची २.२ ची मात्राही यातूनच निघते: ३.५ भागिले ०.१६ म्हणजे सुमारे २२, आणि सावधगिरीचा दशांश. ९६ गुणिले ०.१६ म्हणजे १५.४. धूळ, पाणी, इतर अन्न यांचे पार्श्वभूमीचे ३-४ मिळवले की १९.

आईचं पाहा. दोन्ही वेळ शंभर-शंभर ग्रॅम, मिळून १६० मायक्रोग्रॅम. मोठ्यांसाठी गुणक ०.०४, म्हणजे ६.४, आणि पार्श्वभूमी अडीचच्या आसपास. ९. वडील फक्त रात्री अर्धी वाटी: ५७ गुणिले ०.०४, वर तेवढीच पार्श्वभूमी. ४.८. तीन माणसं, तीन वेगळी ताटं, एक पातेलं, आणि तिन्ही आकडे जागेवर बसतात. इथे गणित दुपटीने चुकलं असतं तर दुसरा स्रोत शोधत राहणं भाग होतं.

"उकळून उकळून निघून जाईल" असं शेजारचं कोणी म्हणालं. तेही मोजून पाहू. १८ सेंटिमीटर व्यास, १० सेंटिमीटर उंची, आतला पृष्ठभाग सुमारे ८०० चौरस सेंटिमीटर. थर २० मायक्रॉन धरला तर १४ ग्रॅम कल्हई, त्यात ५ ग्रॅम शिसं. रोजच्या किलोभर आमटीत सरासरी ०.८ मिलिग्रॅम उतरतं. ५ ग्रॅम संपायला सहा हजारांहून जास्त दिवस, म्हणजे सतरा वर्षं.

मधली चूक

आमटी स्टीलमध्ये सुरू झाली. पाच आठवड्यांनी रक्त ११-१२ च्या आसपास यायला हवं होतं, कारण रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायचा काळ, महिनाभराचं आहे. आलं १५.८.

चौकशीत कळलं, की पातेलं दहा दिवसांनी परत चुलीवर चढलं होतं. आजींनी ओळखीच्या कारागिराकडून, स्वतः समोर बसून, शुद्ध कथलाची नवी कल्हई करून घेतली होती. सुनेने हटकलं तर म्हणाल्या, "अगं, शुद्ध कथील लावलंय या वेळी, आता कशाला काढायचं ते?" कथील खरंच शुद्ध होतं. पण जुन्या थरावर नवं कथील फिरवलं की दोन्ही एकत्र वितळतात. जुनं शिसं नव्या थरात विरघळून बसतं. नव्या खरवडीत शिसं ११ टक्के निघालं, आमटीत ०.३ आणि ०.७.

जुना थर तापवून, पुसून, तीन-चार वेळा कथील फिरवून काढता येतो. घरी मात्र ते करू नये. वितळलेल्या शिशाचा धूर आणि घासताना उडणारी पूड, दोन्ही मुलाच्या वाट्याला येतात. कोरडी घासणी, वाळू, तारेचा चोथा अशा भांड्यावर नकोच. भंगारात देणं म्हणजे तेच शिसं कोणाच्या तरी पुढच्या ओतीव पितळेत घालणं. शेवटी त्या पातेल्याच्या तळाला ड्रिलने भोक पाडलं आणि ते तुळशीशेजारी कोरफडीची कुंडी झालं. आजी दोन दिवस बोलल्या नाहीत.

त्यानंतरचे आकडे: पाच आठवड्यांनी १०.४, तीन महिन्यांनी ७.२, सहा महिन्यांनी ५.६. शेवटची घसरण मंद आहे, कारण हाडांत गेलेलं शिसं आता सावकाश परत येतंय. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि शाळेत जाईपर्यंत दर वर्षी भाषा व वाढीची पाहणी, असं ठरलं आहे. मुलीचं रोजचं दूध-दही वाढवलं, कारण कॅल्शियम पुरेसं असलं की शिसं कमी शोषलं जातं. मात्र ते लोहाच्या औषधाच्या वेळी द्यायचं नाही.

कल्हईवाला दिवाळीआधीच्या त्या दिवशी गल्लीत आणखी चार घरी बसला होता. चारही घरी निरोप गेला, आधी सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका असलेल्या घरांत. दोन घरांतली भांडी नुसती आंघोळीचं पाणी तापवायची किंवा देवघरातली होती, त्यांना हात लावायची गरज नव्हती. तिसऱ्या घरी पातेल्यात दूध तापायचं. दूध आंबट नसल्याने शिसं फारच कमी सुटत होतं, पण तेही बंद केलं. चौथ्या घरात कढी आणि कैरीचं सार त्याच दिवशी कल्हई केलेल्या पातेल्यात व्हायचं, आणि सुनेला पाचवा महिना होता. तिचं रक्त ७.४. गरोदरपणात शिसं वारेतून थेट बाळाकडे जातं, आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर आईची हाडं मोकळी होऊन तिथलं शिसंही रक्तात येतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस, रक्तात शिसं ५ किंवा त्याहून जास्त आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करण्याची आहे. त्या सुरू झाल्या. पातेलं त्याच दुपारी माळ्यावर गेलं, आणि बाळाची नाळ कापताना नाळेतलं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं, असं तिच्या कार्डावर लाल शाईने लिहून ठेवलं आहे.